अठरा लिटरची बादली आणि नऊ मीटर पाइप: जुन्या घराचं प्लंबिंग बेताच्या पैशांत

आमचं घर नाशिकला, पाथर्डी फाट्याच्या अलीकडे. १९९१ सालचं रो-हाऊस. खाली बैठकीची खोली, स्वयंपाकघर, सासूबाईंची खोली आणि एक न्हाणीघर. वर दोन खोल्या आणि खालच्याच्या बरोब्बर डोक्यावर दुसरं न्हाणीघर. बत्तीस वर्षांत जीआयचे, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाचे, पाइप आतून इतके गंजले होते की खाली कुणी नळ सोडला की वर अंगाला साबण लावलेला माणूस तसाच उभा. शेवटी भिंतीला ओल आली तेव्हा मिस्त्रींनी एक तुकडा कापून माझ्या हातात ठेवला. पाइप पाऊण इंची, पण आतलं भोक पेन्सिल जेमतेम शिरेल एवढं. बाकी सगळा गंज.

मी द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये हिशेब ठेवते. त्यामुळे फोडाफोडी सुरू व्हायच्या आधी दोनशेपानी वही घेतली आणि पहिल्या पानावर लिहिलं: १,८०,०००. यात सगळे पाइप, सांडपाणी, गरम पाण्याची सोय, नळ, मजुरी, वॉटरप्रूफिंग आलं पाहिजे. टाइल्स वेगळ्या. २०२३च्या उन्हाळ्यात काम संपलं तेव्हा आकडा १,९३,५०० झाला होता. साडेतेरा हजार कुठे गेले तेही सांगेन.

खोल्या गरम करायचा प्रश्न आपल्याकडे नसतो. निफाडला पारा काही वर्षी पाच अंशांच्याही खाली जातो, शहरातही दात वाजतात, पण त्याला रजई पुरते. प्रश्न सकाळच्या आंघोळीच्या पाण्याचा. म्हणून मी सुरुवात तिथूनच केली. तुम्हीही नळांच्या दुकानात जाऊ नका. ते सगळ्यात शेवटी.

आधी बादली मोजा

आमच्या घरात चौघं. सासूबाई, हे आणि मी बादलीने आंघोळ करतो, लेकीला शॉवर लागतो. बादलीत किती पाणी असतं हे मला पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. दुधाच्या लिटरच्या मापाने मोजलं: काठाखाली चार बोटं ठेवून अठरा लिटर. मग ताप बघायचा नाही, प्रयोगशाळेत असतो तसला काचेचा थर्मामीटर आणला. डिसेंबरात सकाळी सहाला टाकीचं पाणी सोळा अंश. सासूबाईंना ‘बरं’ वाटणारं पाणी एक्केचाळीस.

एवढ्यावर सगळं गणित बसतं. एक लिटर पाणी एक अंश तापवायला १.१६ वॅट-तास लागतात. अठरा लिटर गुणिले पंचवीस अंश, म्हणजे ५२० वॅट-तासांच्या आसपास. बादलीमागे अर्धा युनिट. चौघांचे दोन-सव्वादोन, गिझर तापत ठेवल्याची गळती धरून अडीच.

आता गिझर केवढा? गिझरातलं पाणी साठ अंशांवर असेल तर एक्केचाळीसची अठरा लिटरची बादली भरायला त्यातलं साधारण दहा लिटर लागतं, उरलेलं आठ थंड. म्हणजे पंधरा लिटरच्या गिझरातून एक बादली आरामात निघते आणि दुसरी अर्धी. दोन किलोवॅटचं कॉइल असेल तर ते दहा लिटर पुन्हा तापायला पंधरा-सोळा मिनिटं. आमच्याकडे दोन आंघोळींच्या मध्ये तेवढा वेळ जातोच. कुणीतरी पेपर घेऊन बसलेलं असतं. म्हणून पंधरा लिटर पुरला. दुकानदार पंचवीसचा गळ्यात मारत होता.

शॉवरचं गणित मात्र वेगळं. चांगल्या प्रेशरचा शॉवर मिनिटाला आठ-नऊ लिटर सोडतो. आठ मिनिटं उभं राहिलं की सत्तर लिटर, त्यातलं चाळीस गिझरचं. घरात शॉवरवाली मंडळी जास्त असतील तर पंचवीस लिटर घ्या, आणि लागोपाठ दोघं शिरणार असतील तर तोही कमी पडेल हे धरून चाला. आमच्या लेकीला मी हा हिशेब दाखवला. तिने वहीत खाली लिहिलं, “मान्य, पण रविवारी नाही.”

सोलर वॉटर हीटर घ्यायचा का

विक्रेता म्हणाला, तीन वर्षांत पैसे वसूल. माझ्या वहीत सव्वापाच वर्षं येतात. त्याने वर्षाचे सगळे दिवस धरले होते. पण नाशिकला जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं, तेव्हा सोलरचं पाणी कोमट. आणि एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या काळ्या टाकीचंच पाणी पोळतं, तेव्हा गरम पाणी हवंय कुणाला? खरी गरज नोव्हेंबर ते मार्च, दीडशे दिवस. अडीच युनिट, युनिटला तेव्हा सगळे आकार धरून दहा रुपये, म्हणजे ३,७५०. इकडच्या-तिकडच्या ऐंशी दिवसांचे, पाणी मुळात कमी थंड असल्यामुळे, बाराशे. वर्षाला वाचले जेमतेम पाच हजार. शंभर लिटरचा सोलर बसवून सव्वीस हजार पडले.

तरी घेतला. सासूबाईंचे गुडघे धरतात, त्यांना दुपारीही गरम पाणी लागतं, आणि पहाटे वीज गेली की घरात होणारा गोंधळ मला नको होता. पण घरात दोघंच असाल तर पैसे वसूल व्हायला दहा वर्षं लागतील. तेव्हा घेऊ नका, चांगला स्टार असलेला छोटा गिझर घ्या. फ्लॅटमध्ये राहत असाल आणि सोलर सात मजले वर असेल तर माझं पुढचं पाइपांचं गणित वाचा, मग ठरवा.

नळ्यांचा की सपाट पॅनेलचा? नळ्यांचा स्वस्त पडतो, पण जड पाण्याने क्षार दोन्हींत बसतात. आमच्याकडे महापालिकेचं पाणी येतं आणि गल्लीची सामायिक बोअर आहे. बोअरचं पाणी इतकं जड की डाळ शिजत नाही. म्हणून सोलर, गिझर, स्वयंपाकघर यांना फक्त नळाचं पाणी. बोअरचं पाणी कमोड, अंगण आणि वरचं फरशी पुसणं. त्यासाठी दुसरी छोटी टाकी आणि पूर्ण वेगळी लाइन. ‘मध्ये एक वॉल टाकून जोडून ठेवू, कधी लागलं तर’ असं कुणीही म्हटलं तरी जोडू देऊ नका. तो वॉल, म्हणजे पाणी अडवायची चावी, कधीतरी उघडा राहतोच.

गॅस गिझरबद्दल दोनच वाक्यं. शेजाऱ्यांनी सुचवला होता, स्वस्तही आहे, पण तो बंद न्हाणीघरात लावायची वस्तू नाही: ज्योत खोलीतला प्राणवायू खाते, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नसतो, आणि थंडीत खिडकी तर आपण आधीच लावून घेतलेली असते. मोकळ्या गॅलरीत जागा असेल तरच विचार करा, आमच्याकडे नव्हती.

टाकी किती उंच

हा भाग मला कुणी सांगितला नव्हता आणि इथेच माझं बजेट फाटलं.

दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे एक किलो प्रेशर (दर चौरस सेंटिमीटरवर एक किलोचा दाब). हे एकदा डोक्यात बसलं की अर्धे घोटाळे आपोआप सुटतात. आमची जुनी टाकी गच्चीवर विटांच्या तीन थरांवर बसलेली. वरच्या न्हाणीघरात शॉवर जमिनीपासून सात फुटांवर, स्लॅब दहा फुटांवर. म्हणजे शॉवरच्या तोंडापासून टाकीतल्या पाण्यापर्यंत फार तर सहा फूट. ०.१८ किलो. यावर शॉवर चालत नाही, ठिबकतो. खालच्या मजल्याला दहा फूट जास्त मिळतात म्हणून तिथे बरं चालायचं.

यावर लोक प्रेशर पंप बसवतात. पंपाला वीज लागते, आवाज होतो, आणि वीज गेली की परत ठिबक. आमच्याकडे दुसरी वाट सोलरने दाखवली. साधा, बिनपंपाचा सोलर चालायचा तर थंड पाण्याच्या टाकीचा तळ सोलरच्या टाकीपेक्षा वर हवा, म्हणजे गच्चीपासून सात फुटांवर. अँगलचा स्टँड करावाच लागणार होता. तो केला आणि वरच्या शॉवरला अकरा ते तेरा फूट पाणी मिळालं. आधीच्या जवळजवळ दुप्पट. एका खर्चात दोन कामं, पण स्टँड आणि नवी पाचशे लिटरची टाकी मिळून एकोणीस हजार गेले, मी बारा धरले होते.

स्टँड कुठेही उभा करू नका. पाचशे लिटर म्हणजे पाचशे किलो, वर लोखंड वेगळं. आमच्या मिस्त्रींनी चारही पाय बीमच्या डोक्यावर येतील असं मोजून बसवले. शंका असेल तर इंजिनिअरला हजार-दोन हजार द्या, ते वाया जात नाहीत. आणि स्टँड सोलरच्या उत्तरेला हवा. डिसेंबरात नाशिकला भर दुपारी सावली वस्तूच्या उंचीएवढीच उत्तरेकडे पडते. टाकी दक्षिणेला उभी केली तर नेमक्या थंडीत ती सोलरवर छत्री धरून बसेल. आमच्या गल्लीत एकाकडे असंच आहे.

सोलरच्या टाकीवर हवेसाठी एक उभी नळी असते. तिचं तोंड थंड टाकीच्याही वर काढायला सांगा. नाहीतर रात्रभर तिच्यातून गच्चीवर पाणी वाहतं.

प्रेशर एवढंच आहे हे कळल्यावर नळही त्याच हिशेबाने घ्यायचे. पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणारे एका दांडीचे भारी डायव्हर्टर, ताटाएवढे पावसाचे शॉवर यांना आमचं प्रेशर पुरत नाही. दुकानात ते पंपावर लावून दाखवतात. नाकापेक्षा मोती जड. साधा दोन मुठींचा वॉल मिक्सर आणि तळहाताएवढा शॉवर घेतला, धार चांगली पडते.

पाइपाची लांबी

आता त्या नऊ मीटरची गोष्ट. अर्धा इंची सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या) पाइपात मीटरमागे साधारण ०.१२ लिटर पाणी मावतं, पाऊण इंचीत ०.२६, एक इंचीत ०.४३. हे पाणी रात्रभर पाइपात गार होतं, आणि सकाळी गरम पाणी येण्याआधी हे सगळं आधी बाहेर पडतं.

सोलरवाल्याला यंत्र गच्चीच्या पुढच्या बाजूला बसवायचं होतं, कारण दोर लावून चढवायला तिथे सोपं. तिथून खालच्या न्हाणीघरापर्यंत चौदा मीटर पाऊण इंची पाइप: ३.६ लिटर थंड पाणी, दर वेळी. मी टेप घेऊन गच्चीवर गेले. मागच्या बाजूला, न्हाणीघरांच्या डोक्यावर, तेवढंच ऊन होतं. तिथून वरच्या न्हाणीघरापर्यंत पाच मीटर पाऊण इंची, पुढे खाली चार मीटर अर्धा इंची. एकूण १.८ लिटर. अर्ध्यावर आलं. पाइप कमी, कोपरे कमी, पाणी कमी गार होतं. मजुरांना जिन्यातून नळ्या वर न्यायला दोनशे रुपये जास्त दिले.

हाच नियम सगळीकडे लावा. न्हाणीघरं एकाखाली एक असतील तर तशीच ठेवा. स्वयंपाकघराचं सिंक न्हाणीघराच्या भिंतीला पाठ लावून घेता येत असेल तर घ्या. कमोडची जागा तर हलवूच नका. त्याची मोठी लाइन जिथे आहे तिथेच तो. जागा दोन फूट सरकवायची हौस फरशी, उतार, चेंबर सगळं ओढत नेते.

गिझर आम्ही एकच घेतला, वरच्या न्हाणीघरात टांगला आणि खालच्यालाही त्यातूनच पाणी दिलं. इथे एक खोच आहे. बरेच मिस्त्री सोलरची लाइन सरळ गिझरच्या पोटात देतात: सोलर गरम असेल तर गिझर बंद ठेवा, नसेल तर लावा. ऐकायला छान. पण बंद गिझरात पंधरा लिटर गार पाणी बसलेलं असतं, आणि सोलरचं गरम पाणी नळाला यायच्या आधी तेही बाहेर ढकलावं लागतं. म्हणून तीन बॉल वॉल टाका: गिझरला जाणारा, गिझरातून येणारा, आणि गिझरला वळसा घालून सरळ जाणारा. ते पाणी रोज वाचतं. गिझर वळशाला टाकला असेल तेव्हा त्याचं बटण बंदच हवं, आणि त्याच्या सेफ्टी वॉलची बारीक नळी मोरीकडे नेलेली हवी. आमची आधी स्विचबोर्डावर ठिबकायची. गिझरला स्वतंत्र सोळा अँपिअरचा पॉइंट, नीट अर्थिंग आणि बोर्डात तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच. याला बजेटमधून कात्री लावू नका.

स्वयंपाकघरात गरम पाण्याचा नळ परवडत नव्हता. पण भिंत उघडीच होती, म्हणून तिथपर्यंत अर्धा इंची लाइन गाडून तोंडाला प्लग मारून ठेवला. पुढेमागे पैसे आले की फक्त नळ लावायचा.

भिंतीत जे जातं त्यावर पैसे

माझी खर्चाची रीत सोपी होती: टाइल फोडल्याशिवाय जे बदलता येणार नाही ते चांगल्यातलं, बाकी सगळं साधं.

गरम पाण्याला सीपीव्हीसी, त्र्याण्णव अंशांपर्यंत चालतो. पांढरा यूपीव्हीसी फक्त थंडाला. आधी आलेला एक ठेकेदार ‘सगळं पांढऱ्यातच करू, सात हजार वाचतील’ म्हणत होता. गरम पाण्याने पांढरा पाइप मऊ पडतो, वाकतो, सांध्यातून सुटतो. सोलरच्या तोंडाशी पहिला मीटरभर जीआय ठेवला, कारण मे महिन्यात तिथे पाणी उकळीला येतं. गच्चीवरच्या उघड्या सीपीव्हीसीला काळ्या फोमचं इन्सुलेशन, वर टेप. पाणी गरम राहतं आणि पाइप उन्हाने तडकत नाही.

नळ जिथे आटे घालून बसतो तिथे पितळी आट्याचंच फिटिंग घ्या. प्लॅस्टिक आट्याचं चाळीस रुपयांनी स्वस्त असतं आणि दुसऱ्यांदा नळ बदलताना चिरतं. टाकीपासून खाली येणारी मुख्य लाइन एक इंची, न्हाणीघरापर्यंत पाऊण, नळाला अर्धा. कमी प्रेशरच्या घरात मुख्य लाइन बारीक करून वाचवलेले पैसे रोज सकाळी आठवतात.

भिंत बंद करण्याआधी उंची स्वतः मोजा. आमच्या वहीतल्या: शॉवर सात फूट, वॉल मिक्सर तीन फूट, दोन तोंडांमध्ये बरोबर सहा इंच, गरम डावीकडे. बेसिनखालचे अँगल कॉक अठरा-वीस इंच, गिझरचे पॉइंट सहा फूट, वॉशिंग मशीनचा नळ चार फूट. बादलीचा नळ मात्र कुठल्या तक्त्यातून घेऊ नका. आपली बादली भिंतीला लावा, वर वीतभर सोडा आणि खूण करा. मिस्त्रींनी नेहमीच्या सवयीने दीड फुटावर खूण केली होती. सासूबाईंची पितळी बादली त्याखाली शिरतच नव्हती.

खाचा कटरने पाडा, छिन्नीने नाही, आणि कॉलम-बीमला हातही लावू देऊ नका.

सांडपाणी

याचं कुणी कौतुक करत नाही, पण घराला ओल बहुतेक इथूनच येते. कमोडला ११० मिलिमीटर, न्हाणीघर-सिंकला ७५चा एसडब्ल्यूआर, म्हणजे सांडपाण्याचा, पाइप. उतार दहा फुटांना दोन ते तीन इंच. मिस्त्री ‘उतार आहे, ताई’ म्हणतात. तुम्ही पारदर्शक लेव्हल नळीत पाणी भरून दोन्ही टोकांना धरायला लावा. नहाणी ट्रॅपमध्ये दोन इंच पाणी साठून राहिलं पाहिजे, तेच वासाला आणि झुरळांना अडवतं. स्वस्तातल्या उथळ ट्रॅपमध्ये ते टिकत नाही. कमोड घेण्याआधी जुन्याच्या भोकाचं मध्य भिंतीपासून किती इंचांवर आहे ते मोजून दुकानात जा, नऊ आणि बाराचे मॉडेल वेगळे असतात.

आमच्या अंगणातली चेंबरपर्यंतची लाइन जुन्या चिनीमातीच्या पाइपाची निघाली. शेवग्याची मुळं सांध्यांतून आत शिरून आत अक्षरशः जटा झाल्या होत्या. ती सगळी बदलली. साडेतेरा हजारांतले उरलेले बरेचसे इथे गेले. शेवगा तोडला नाही, लाइन वळवली.

वॉटरप्रूफिंग झाल्यावर टाइल लावायच्या आधी ट्रॅपला बोळा मारून न्हाणीघरात दोन इंच पाणी भरा आणि अठ्ठेचाळीस तास सोडा. पाण्याच्या कडेला पेन्सिलने रेघ मारा. खालच्या छतावर रोज हात फिरवा. कारागीर घाई करतात, त्यांना दुसरं काम असतं. पण करू द्यायची नाही.

मिस्त्री आणि टेस्टिंग

मजुरी पॉइंटवर, म्हणजे पाइपाच्या दर तोंडामागे, ठरवा, ‘सगळं मिळून एवढे’ यावर नको. आमचे एकूण एकतीस पॉइंट झाले, सगळे वहीत नावासकट. पहिल्या ठेकेदाराने लमसम आकडा दिला होता. त्यात काय नाही ते विचारलं तर गिझरची जोडणी नाही, चेंबर नाही, टेस्टिंग नाही. माल मी स्वतः आणला, यादी मिस्त्रींची. उरलेली फिटिंग्ज परत घेणारं दुकान आधीच ठरवलं आणि शेवटी दोन हजार शंभरचा माल परत केला. पैसे चार टप्प्यांत: सामान आल्यावर थोडे, पाइप भरून झाल्यावर, टेस्टिंग पास झाल्यावर, आणि शेवटचे नळ लावून पंधरा दिवसांनी.

टेस्टिंग म्हणजे सगळ्या तोंडांना प्लग मारून हातपंपाने लाइनमध्ये दाब भरायचा आणि घड्याळ बघायचं. पंप भाड्याने मिळतो. घराचं प्रेशर अर्धा किलो, तरी आम्ही सहा किलोवर लावलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी काटा चारवर. मिस्त्री म्हणाले, “ताई, पंपाचाच वॉल लीक असेल.” असेलही. पण मी चहा ठेवला आणि म्हटलं, शोधू. दोन तासांनी सापडलं: वरच्या बेसिनमागे एका एल्बोला, म्हणजे कोपऱ्याच्या जोडाला, सोल्युशनच (चिकटवायचा गोंद) लावलेलं नव्हतं. नुसता घट्ट दाबून बसवलेला. असा सुका सांधा आमच्या अर्ध्या किलोवर महिनाभरही पकडून राहिला असता, आणि मग टाइलमागे सुटला असता. मिस्त्री चांगलेच होते, त्यांनी ते स्वतः पुन्हा केलं आणि उरलेले सगळे सांधे स्केचपेनने टिक करत तपासले. दुसऱ्या रात्री काटा सहावरून हलला नाही.

मग प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो. जमिनीपासून उंची आणि कोपऱ्यापासून अंतर दोन्ही दिसलं पाहिजे. टॉवेलची दांडी लावायला ड्रिल घेऊन आलेल्या माणसाला मी हे फोटो दाखवले. त्याने दांडी चार इंच सरकवली.

वहीचं शेवटचं पान

पाण्याचे पाइप-फिटिंग ३१,०००. सांडपाण्याचे पाइप, ट्रॅप, चेंबर १८,०००. मजुरी ३८,०००. वॉटरप्रूफिंग २२,०००. नळ, शॉवर, दोन कमोड, बेसिनं २९,०००. टाकी आणि स्टँड १९,०००. सोलर २६,०००. गिझर ८,५००. टेम्पो, राडारोडा आणि पंपाचं भाडं २,०००. तुमच्या गावात आकडे बदलतील, पण पाइप आणि मजुरी यांच्यापुढे चकचकीत नळ किती मागे आहेत ते बघा. माझ्या बहिणीने याच्या उलट केलं होतं, आणि तिच्या नळांना खरंच दृष्ट लागावी.

एक राहिलं. तीन वॉल कधी कुठल्या बाजूला हे घरात कुणालाच लक्षात राहीना. आठवडाभर हे रोज गच्चीवर जाऊन सोलरला हात लावून यायचे आणि चूक असायची खालच्या वॉलची. शेवटी पत्र्याच्या तुकड्यावर ऑइलपेंटने लिहून वॉलच्या वर ठोकलं: दसरा ते मृग — सोलर. मृग ते दसरा — गिझर. सासूबाईंनी खाली खडूने भर घातली आहे: ‘दोन्ही नाही चाललं तर बंब, अंगणात.’ तो तांब्याचा बंब मी भंगारात देणार होते. चिंचेने घासून ठेवलाय.